गाण्यानंतरचं गाणं

आमच्या घराची एक भिंत मऊ होती. होती ती विटांचीच, चुना मारलेली, उन्हाळ्यात तापणारी. पण तिच्या पलीकडे गादीवाल्यांचं घर होतं आणि त्यांच्या खोलीत पिंजलेल्या कापसाचे ढीग पार छताला टेकलेले असत. त्यामुळे त्या बाजूचा कुठलाही आवाज कापसातून गाळून यायचा. दिवसभर पिंजणाच्या तातीचा टण्ण टण्ण आवाज चाले, पण आमच्याकडे तो पोचायचा तेव्हा लांबच्या शेतात बसून कुणी एकतारी छेडतंय असं वाटायचं. मी लहानपणी त्या भिंतीला पाठ लावून अभ्यास करायची आणि करता करता पेंगायची.

ही जळगावातली गोष्ट, ऐंशीच्या दशकातली. जिनिंग फॅक्टरीच्या मागे एका ओळीत बांधलेली घरं होती, त्यांतलं एक आमचं. रस्त्याकडच्या खोलीत नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार वाइंडिंगचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. केळीच्या मळ्यांतून जळालेल्या पंपांच्या मोटारी यायच्या. नाना त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नवी तांब्याची तार भरायचे. दुपारच्या उन्हात ती तार अशी चमकायची की दुकानात कुणीतरी दिवा लावून ठेवलाय असं वाटे. वार्निशचा वास आमच्या कपड्यांना यायचा, वह्यांना यायचा, कधी कधी भाकरीलाही यायचा.

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की नाना आधी रॉकेलने आणि मग साबणाने हात धुवायचे, चहा घ्यायचे आणि टू-इन-वनपुढे बसायचे. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला तो चौकोनी डबा आमच्या घरातली सगळ्यात जपलेली वस्तू होता. नानांनी वर्षानुवर्षं रेडिओवरून गाणी टेप केली होती. आवडलेलं गाणं लागलं की बटण दाबायचं, संपलं की सोडायचं. त्यामुळे त्या कॅसेटींत काहीच्या पुढे काहीही होतं. भावगीतामागे सिनेमातलं गाणं, त्यामागे अर्धी कव्वाली, मग एखादं भजन, ज्याचं पहिलं कडवं कापलं गेलेलं. एका कॅसेटमध्ये तर दोन गाण्यांच्या मध्ये हवामानाचा अंदाज राहून गेला होता. एक बाई गंभीर आवाजात सांगायची की येत्या चोवीस तासांत हवामान कोरडं राहील, आणि लगेच सनई सुरू व्हायची.

कॅसेटींवर नानांनी कधी काही लिहिलं नाही. कुठलीचा कोपरा उडालाय, कुठलीचा स्क्रू सैल आहे, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. कॅसेट लावायची, उजवा तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि गाण्याबरोबर गुणगुणायचं. आवाज ते मोठा ठेवायचे. आई म्हणायची, "अहो, बठ्ठ्या गल्लीला ऐकवता का?" नाना हसायचे. त्यांचं हे हसणं म्हणजे उत्तर असं आम्ही धरून चाललो होतो.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते त्या दिवाळीत घराला चुना मारायचा ठरला. सामान अंगणात निघालं. कॅसेटींच्या लाकडी पेटीला ओल लागू नये म्हणून नानांनी ती स्वतः उचलून दुकानातल्या फळीवर ठेवली. दुकानात एक यंत्र होतं, मिक्सरच्या आणि स्टार्टरच्या मोटारींचे आतले फिरते गाभे, म्हणजे आर्मेचर, तपासायचं. चालू केलं की ते लोखंडी मांजरासारखं गुरगुरायचं आणि त्यावर धरलेलं पातं थरथरायचं. त्याच्या आत जबरदस्त चुंबक जागा होतो आणि चुंबक टेपवरचं सगळं पुसून टाकतो हे नानांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी पेटी दूर ठेवली होती. पण सणाआधी कामाची गर्दी. कुणीतरी जागा करायला ते यंत्र मागे सरकवलं, पार फळीखाली, बरोबर पेटीच्या खाली. कुणी सरकवलं ते कधी कळलं नाही. नानांनी विचारलंही नाही.

चुना वाळला, सामान आत आलं आणि नानांनी कॅसेट लावली. मला तो आवाज आजही आठवतो. गाणं होतं, पण तळ्याच्या खालून यावं तसं. वर यायचं, एक शब्द उमलायचा, पुन्हा बुडायचं. मध्येच नुसता वारा. मग दुरून कुठून तरी तबल्याची एक थाप. एखादं स्वप्न सकाळी आठवू बघावं आणि हाताला फक्त त्याची कड लागावी, तसं काहीसं. मी क्षणभर ऐकतच राहिले, कारण खरं सांगायचं तर ते सुंदर वाटत होतं.

नानांनी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. दुसरी कॅसेट लावली. तिच्यात नुसताच वारा होता. तिसरी, चौथी. मग त्यांनी बटण बंद केलं आणि आईकडे न बघता म्हणाले, "बठ्ठं गयं." सगळं गेलं.

नाना मूळचे पाचोऱ्याकडच्या खेड्यातले. आनंदात आणि दुःखात ते अहिराणीतच बोलायचे, एरवी गिऱ्हाइकांशी शहरी मराठी. त्या संध्याकाळनंतर कितीतरी दिवस ते दोन्हींत बोलले नाहीत. हात धुवायचे, चहा घ्यायचे, आणि अंगणात नुसते बसून राहायचे. आई म्हणाली, "गाणीच ना, बाजारात भरून मिळतात. तू घेऊन ये." मला आठवतील तेवढी गाणी मी बाजारातल्या रेकॉर्डिंगच्या दुकानात सांगितली आणि एक नवी कोरी कॅसेट भरून आणली. आवाज इतका स्वच्छ की गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू यावा.

नानांनी ती लावली, जाळीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. पहिलं गाणं मी त्यांचंच निवडलं होतं, नदीकाठी वाट बघणाऱ्या बाईचं. ते गुणगुणायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघून हसली. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं, एक चपळ, टाळ्यांचं गाणं. आणि नाना दुसरंच काहीतरी गुणगुणत होते. संथ, लांब सुरांचं. नव्या कॅसेटमध्ये टाळ्या वाजत होत्या आणि नाना डोळे मिटून जुन्या कॅसेटमधलं पुढचं गाणं म्हणत होते. पूर्ण सुरात, अगदी तृप्त चेहऱ्याने.

आईचं हसू तिथेच राहिलं. तिने हळूच हाक मारली, "अहो, चहा घेता का अजून?" नानांनी मान हलवली नाही. ती जरा मोठ्याने म्हणाली. तरी नाही. तळहाताखाली जाळी थरथरत होती, पण भलत्याच ठेक्यात, आणि बहुधा तेच त्यांना खटकलं असावं. त्यांनी डोळे उघडले. आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, तोंड त्यांच्याकडे करून, आणि विचारलं, "नाना, केव्हापासून?"

त्यांच्या हातात तारेचं रीळ होतं. ते फिरवत त्यांनी सांगितलं की दुकान टाकण्याआधी जिनिंगमध्ये काढलेल्या वर्षांनीच कान नेले. आधी पक्षी गेले, मग रेडिओवरच्या बातम्या. नुसता आवाज यायचा, त्यातलं बोलणं यायचं नाही. माणसांचं ते ओठांवरून आणि अंदाजाने निभावून नेत होते. नवी गाणी म्हणजे तर निव्वळ खडखडाट. "पण माझ्या कॅसेटी येत होत्या," ते म्हणाले.

"त्या कशा येत होत्या?"

"पुढलं ठाऊक राहिनं म्हणजे ऐकू येस," नाना म्हणाले. पुढचं माहीत असलं की ऐकू येतं. थोडा आवाज कानातून आत यायचा, थोडा तळहातातून, आणि उरलेलं आतून भेटायला यायचं. एक गाणं संपायच्या आत पुढच्याची चाहूल लागायची आणि त्या चाहुलीला धरून ते त्या गाण्यात शिरायचे. क्रम मोडला की सगळी दारं बंद. मला तेव्हा कळलं की बाजारात गाणी मिळतील, पण नानांनी इतकी वर्षं जे ऐकलं होतं ते मिळणार नाही. आणि त्यावरच त्यांचे कान उभे होते.

"सांगा ना मग, कशामागे काय होतं? तसंच्या तसं भरून आणते."

त्यांनी डोळे मिटून एक चाल धरली, ती मध्येच तुटली. मग म्हणाले, "असं बसून नही येत, माय. चालू असलं म्हणजेच येस." त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मी पुढे विचारलं नाही.

मी स्वतः आठवायला बसले. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, एक गाणं मनात शेवटपर्यंत म्हणायचं आणि पुढचं येतं का बघायचं. काही आली. विहिरीत दगड टाकल्यावर खालून आवाज यावा तशी, जरा थांबून, पण आली. काही ठिकाणी मात्र नुसती शांतता. मी इतकी वर्षं त्या गाण्यांत राहिले होते, पण बहुतेक वेळ अभ्यास करत किंवा पेंगत. अशाच एका दुपारी एका गाण्याची शेवटची ओळ मी जरा मोठ्याने म्हणाले आणि थांबले. पुढचं येईना. आणि भिंतीतून, कापसातून गाळलेली, एका म्हाताऱ्या बाईची गुणगुण आली. पुढचं गाणं.

मी तशीच उठून पलीकडे गेले. गादीवाल्यांच्या घरची म्हातारी, जिला सगळी गल्ली खाला म्हणायची, भिंतीशी बसून रजईला धागा घालत होती. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. सगळी खोली पांढरी, धुकं भरल्यासारखी, आणि त्यात तिची हिरवी ओढणी.

"खाला, आता तुम्ही काय म्हणत होता?"

ती दचकली. "कुठे काय? तू म्हणत होतीस ना, मग ते संपलं, तर पुढचं आपोआप निघालं तोंडातून. तुझ्या अब्बांचं तेच लागतं ना त्याच्यामागे?" मग जरा थांबून म्हणाली, "बहोत दिन हुए बेटी, कॅसेट नाही लागली. तब्येत ठीक आहे ना त्यांची?"

मी तिला सगळं सांगितलं, कानांचंही. तिने सुई रजईत खोचून ठेवली आणि भिंतीकडे बघत सांगू लागली. संध्याकाळी पिंजण थांबलं की तिची शिवणाची वेळ. घरात रेडिओ नव्हता. आमच्या नानांच्या कॅसेटीच भिंतीतून यायच्या आणि त्यांवर तिचा हात चालायचा. शब्द तिला कधी ऐकू आले नव्हते. कापसातून शब्द येत नसत, फक्त चाल यायची. "बोल नाही माहीत मला," ती म्हणाली. "पण कशामागून काय येतं ते हाताला माहीत आहे."

मग दिवाळीनंतरच्या त्या थंडीत माझ्या दुपारी तिथे जाऊ लागल्या. कॉलेजातून यायचं, भाकरी खायची आणि पलीकडे त्या पांढऱ्या खोलीत जाऊन बसायचं. मी एखाद्या गाण्याची शेवटची ओळ म्हणायची. खाला डोळे अर्धे मिटायची, सुई दोनदा आत-बाहेर व्हायची, आणि मग कुठून तरी एक सूर यायचा. तिच्याकडून चाल, माझ्याकडून शब्द. कधी ती एखादी चाल धरायची आणि मला तिचे शब्दच सापडायचे नाहीत. मग आम्ही दोघी तेच ते गुणगुणत राहायचो, उन्हाची तिरीप कापसाच्या ढिगावरून सरकत जायची, आणि अचानक माझ्या तोंडात एक शब्द यायचा. 'पैंजण' किंवा 'किनारा', असा एखादाच. त्याला धरून बाकीचं गाणं वर यायचं.

आईसुद्धा यात आली. तिचं आठवणं वेगळं होतं. अमुक गाण्याला वरण उतू गेलं होतं, तमुक गाण्याला मला गोवर आला होता, असं. एका ठिकाणी तिचं आणि खालाचं जुळेना. पाळण्याच्या गाण्यामागे आई म्हणायची भजन, खाला म्हणायची कव्वाली.

"अहो बाई, मी घरात होते!" आई म्हणाली.

"और मैं दीवार में थी," खाला म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

मग आईलाच आठवलं की ते पाळण्याचं गाणं नानांना इतकं आवडायचं की त्यांनी ते दोनदा टेप केलं होतं, दोन वेगळ्या कॅसेटींत. दोघींचं बरोबर होतं.

बरीचशी गाणी जळगावात मिळाली. काही जुनी मिळेनात, तेव्हा कुणीतरी सांगितलं की धुळ्याला एका रेकॉर्डिंगवाल्याकडे जुन्या तबकड्यांचा मोठा साठा आहे. मी आणि आई एसटीने धुळ्याला गेलो. पारोळ्यापुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी काळी जमीन होती आणि हवा इतकी स्वच्छ की लांबचे डोंगर कागदातून कापून चिकटवल्यासारखे दिसत. खिडकीतून बघता बघता माझ्या डोक्यात ती सगळी गाणी एकामागून एक चालत होती, बसबरोबर.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली निळं कापड, आणि कपाटांत उभ्या लावलेल्या तबकड्या. मालक चाळिशीचे, शांत. जयंतीच्या आधी भीमगीतांच्या कॅसेटी भरून घ्यायला त्यांच्याकडे गावोगावची मंडळं यायची, असं त्यांनी सांगितलं. आमची हकिकत त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, "ताई, दोन गाण्यांच्या मध्ये किती जागा सोडायची?"

मी गोंधळले. जागेचा विचार मी केलाच नव्हता.

"त्यांना क्रमावर ऐकू येतं म्हणता, मग मधली शांतताही त्यातलीच की," ते म्हणाले. "आत्ता अंदाजाने सोडतो. त्यांना ऐकवा. जिथे चुकलं असेल तिथे पुन्हा भरू."

कॅसेटी तयार झाल्यावर देताना त्यांनी एकेक उलटी करून मागच्या कडेच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पाकळ्या दाखवल्या. "ऐकवून झालं, सगळं बरोबर आहे असं ठरलं की या मोडून टाका. मग चुकूनही वर दुसरं काही टेप होत नाही. आणि दोन जोड करा. एक रोज ऐकायला, एक ठेवायला. ठेवायचा दुसऱ्या गावी ठेवा."

पहिली कॅसेट आम्ही एका संध्याकाळी लावली. नानांना आधी काही सांगितलं नव्हतं. शटर अर्धं आलं, हात धुतले, चहा झाला, आणि आईने त्यांचा हात धरून त्यांना टू-इन-वनपुढे बसवलं. नाना नको म्हणत होते. मी बटण दाबलं. त्यांनी सवयीने तळहात जाळीवर ठेवला.

नदीकाठच्या बाईचं गाणं आलं आणि गेलं. मग शांतता. नानांच्या गळ्यात पुढचं गाणं तयार होत होतं, दिसत होतं मला, गळ्याची घाटी वर सरकली. ते सुरू झाले आणि अर्ध्या क्षणाने कॅसेटही सुरू झाली. संथ, लांब सुरांचं तेच गाणं. त्यांच्या भुवया वर गेल्या. डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत. घट्ट मिटून ठेवले, जाग येऊ नये म्हणून माणूस मिटून ठेवतो तसे. तिसरं गाणं आलं, चौथं आलं. भिंतीपलीकडून खालाची गुणगुण येत होती, ती त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. आई पदर तोंडाला लावून दारात बसली होती.

कॅसेटची एक बाजू संपली तेव्हा ते म्हणाले, "कव्वालीमागे जागा कमी सोडी. तठे मी खोकलू व्हतू."

तिथे त्यांचा खोकला होता! आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता नाना रडले. आईने त्यांना रडू दिलं.

हवामानाचा अंदाज मात्र कुठल्याच दुकानात मिळणार नव्हता. त्या जागी मी आमच्याच टू-इन-वनच्या माइकसमोर बसून, आवाज शक्य तेवढा गंभीर करून सांगितलं की येत्या चोवीस तासांत हवामान कोरडं राहील. नानांनी ती कॅसेट ऐकली तेव्हा सनईच्या आधी त्यांचा तळहात जाळीवर जरा घट्ट झाला. "हाई तर आपली पोर शे," ते म्हणाले. मी अजून विचार करते, की त्यांनी मला ऐकलं की माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. मी विचारलं नाही.

दुरुस्त्या झाल्या, त्यासाठी आई आणखी एकदा धुळ्याला जाऊन आली, आणि मग नानांनी स्वतः स्क्रू ड्रायव्हरने एकेक पाकळी मोडली. टक्, टक्. ठेवायचा जोड पाचोऱ्याला आत्याच्या कपाटात गेला, साड्यांच्या घडीत. आत्याने तो कधी ऐकला नाही. तिला तेवढंच सांगितलं होतं, की चुंबक आणि ऊन लागू देऊ नकोस.

पुढे माझं लग्न झालं आणि मी धुळ्यालाच गेले. खालाचं कुटुंब भुसावळला लेकाकडे राहायला गेलं. भिंतीपलीकडे कुणी शिकवण्या घेऊ लागलं. नानांच्या संध्याकाळी तशाच चालल्या. मध्ये कानाचं यंत्र आणलं होतं, खिशात डबी आणि कानात वायर असलेलं. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "बठ्ठं एकदमच येस." ताट पडलं, दार वाजलं, माणूस बोललं, सगळं एकाच मापाचं. ते खुंटीला टांगलेलं राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या धुळ्याच्या घरी कॉम्प्युटर आला. माझे यजमान कॉम्प्युटरचे क्लास घेत. एका उन्हाळ्यात नाना-आई आमच्याकडे राहायला येणार होते, तेव्हा यजमान म्हणाले, "नानांच्या कॅसेटी आता घासल्या असतील. सगळ्या कॉम्प्युटरमध्ये घेऊन टाकू." टेपरेकॉर्डरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर जोडली. गाणं खोलीत वाजायचं आणि पडद्यावर हिरव्या लाटा उठायच्या. दुपारी पंखा फिरत असायचा, पडदे ओढलेले असायचे आणि मी त्या लाटांकडे बघत बसायची. यजमानांनी एकेक गाणं कापून वेगळं केलं, त्याला नाव दिलं, आणि मोठ्या हौसेने पहिल्यापासून लावून दाखवलं.

टाळ्यांचं गाणं सुरू झालं.

"हे पहिलं कसं?" मी विचारलं. मग पडद्यावर पाहिलं. कॉम्प्युटरने सगळी गाणी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने ओळीत उभी केली होती, शाळेच्या हजेरीसारखी. कव्वाली भजनापासून तुटली होती, सनई कुठल्या कुठे गेली होती, आणि माझा हवामानाचा अंदाज पार शेवटी एकटा पडला होता. मला त्या दिवाळीचा वारा पुन्हा ऐकू आल्यासारखा झाला. यजमान समजूतदार. म्हणाले, "घाबरू नकोस, गेलं काही नाही. प्रत्येक नावाच्या आधी आकडा घालू." मी कॅसेट लावून एकेक गाणं ऐकत गेले आणि ते आकडे घालत गेले. मधल्या शांतताही आम्ही परत जोडल्या. त्यांच्या ओळखीच्या एकाकडे सीडीवर लिहिणारं यंत्र होतं, त्याच्याकडून दोन सीड्या करून घेतल्या, एक इथे, एक जळगावला. दुसऱ्या पावसाळ्यात वीज पडून कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली तेव्हा क्लासच्या सगळ्या नोंदी गेल्या, पण नानांचं ऐकणं शाबूत राहिलं.

त्या उन्हाळ्यात नाना आले. केस सगळे पांढरे झाले होते, चालणं संथ. त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी तळहात ठेवायला जाळी शोधली, सापडेना. यजमानांनी क्लासचा मोठा हेडफोन आणला आणि त्यांच्या दोन्ही कानांवर बसवला, आवाज पूर्ण चढवला. बाहेरचं सगळं बंद, कानात नुसतं गाणं.

आम्हाला बाहेर फक्त डासाएवढी कुणकुण येत होती. नाना मात्र ताठ झाले. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. नदीकाठची बाई आली असावी. एरवी ते लगेच गुणगुणायला लागायचे, या वेळी तोंड मिटलेलंच. बराच वेळ ते असेच बसले, कुणी आपल्याला खूप जुन्या घरात नेऊन एखादी न पाहिलेली खोली उघडून दाखवतंय, असा चेहरा. मग स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे मोठ्याने ओरडून म्हणाले, "याना मझार सारंगी शे?"

होती. गाण्याच्या आत, मागे, अगदी बारीक. मी मान हलवली.

सगळी गाणी ऐकायला त्यांना ते दिवस पुरले. रोज दुपारी आई आणि मी आतल्या खोलीत आडव्या व्हायचो आणि बाहेरच्या खोलीतून मधूनच त्यांचा ओरडा यायचा. बासरी शे, घुंगरू शे, कोरसमा लहान पोरं शेत. आई झोपेत हसायची.

जळगावला परतायच्या आदल्या दिवशी त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मला जवळ बोलावलं. "हाई बठ्ठं झायं ऐकीसन," ते म्हणाले. "आते नवं काही लाव. मी कधीच ऐकेल नही असं."

मी लावलं. त्या वर्षीच कुठून तरी आलेलं, एका नव्या मुलीचं गाणं. नानांनी पुढचं काही ठाऊक नसताना ते पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकलं, आणि मग म्हणाले, "पुन्हा."